वागाडुगूला हसणाऱ्यांना

पोपटपंची हा शब्द आपल्याकडे अलीकडे फार स्वस्त झाला आहे. एखाद्या मुलाने देशांच्या राजधान्या धडाधड म्हणून दाखवल्या, की ऐकणाऱ्यांत एक तरी गृहस्थ असे निघतातच, जे चष्मा पुसत विचारतात, "पाठ आहे हो, पण त्यातले समजते का काही त्याला?" प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला मंगोलियाची राजधानी ठाऊक नसते, पण त्याने त्याचे काही बिघडत नाही. समज नावाची वस्तू त्याच्या घरी वडिलोपार्जित आहे असे सर्वांनी धरूनच चाललेले असते. पाठांतर ओसरीवर आणि आकलन माजघरात, असा हा नवा सोवळ्याओवळ्याचा आचार निघाला आहे, आणि शिक्षणशास्त्राच्या पदव्या घेतलेली मंडळी त्याचे पौरोहित्य करीत आहेत.

मला या आचाराविरुद्ध बोलायचे आहे. मी कापूसपट्ट्यातल्या एका खेड्यात मुलांना शिकवते; तेव्हा जे सांगणार आहे ते ग्रंथांतून आणलेले नाही, वर्गातून आणि घरातून आणलेले आहे.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शिक्षण घोकंपट्टीपासून दूर न्यावे असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच सांगितले. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. 'कारणे द्या'ची उत्तरे मार्गदर्शकातून वहीत, वहीतून डोक्यात आणि डोक्यातून उत्तरपत्रिकेत, वाटेत कुठेही न सांडता वाहून नेणे हा रोग होताच, आणि त्यावर औषध हवेच होते. पण दिल्लीतून निघालेले वाक्य तालुक्याला पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच ठाऊक. वर म्हटले होते, नुसते पाठ करून थांबू नका. खाली उतरले ते असे की, पाठ करू नका. डाळ शिजत नाही अशी तक्रार होती. आमच्या लोकांनी डाळच काढून टाकली आणि पाणी तेवढे उकळत ठेवले. आता त्या पाण्याला सगळे मिळून 'आकलन' म्हणतात.

मुळात हे मूल पाठ का करते, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आठ ते बारा या वयात मुलांना याद्यांचे वेड असते. ते कोणी लावावे लागत नाही. 'नाव-गाव-फळ-फूल' खेळताना 'झ' आला की जो मुलगा गावाच्या रकान्यात झांझिबार लिहितो, त्याला तो कोणत्या गुरुजींनी सक्तीने पाठ करायला लावलेला नसतो. आज तीच मुले क्रिकेटच्या संघांतले सगळे खेळाडू, त्यांचा भाव, त्यांची गेल्या तीन वर्षांची कामगिरी बोटांवर सांगतात, आणि त्यांना कोणी पोपट म्हणत नाही. म्हणजे स्मरणशक्ती कुठे गेलेली नाही. जात्यात आपण काय टाकतो एवढाच प्रश्न आहे.

लहानपणी मलाही हा नाद होता. शाळेच्या कपाटातला एक नकाशासंग्रह, ज्याची पहिली आठ पाने उंदरांनी खाल्ली होती, तो उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी आणी. देशांची नावे मी मुळाक्षरांप्रमाणे पाठ केली नाहीत. पाणी भरायला निघालेल्या बाईला वाटेतली घरे जशी ओळीने ठाऊक असतात, तशी ती मला ठाऊक झाली; चिलीच्या भिंतीला लागून अर्जेंटिना, तिच्या डोक्यावर पॅराग्वे आणि बोलिव्हिया. ज्यांना समुद्र नाही अशा देशांची मी एक वेगळी यादी केली होती. बोलिव्हिया, पॅराग्वे, चाड, माली, नायजर, नेपाळ, लाओस, मंगोलिया. आमच्याही जिल्ह्याला समुद्र नव्हता, म्हणून ते देश मला आपल्यातले वाटत. ही यादी कोणत्याही पुस्तकात मला सापडली नव्हती. ती एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने नकाशावर बोट फिरवून केली होती. आता चष्मेवाल्या गृहस्थांना माझा प्रश्न आहे: हे पाठांतर म्हणायचे की आकलन? नावे पाठ नसती तर ती कोणत्या निकषाने वेगळी काढणार होते मी? डोक्यात धान्य असेल तर निवडता येते. रिकाम्या सुपात नुसते पाखडत बसून काय हाती लागणार?

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि एका देशाचे पंधरा झाले. मोठ्या माणसांनी ती राजकारणाची बातमी म्हणून वाचली. मला मात्र घरात एकदम चौदा पाहुणे आल्यासारखे झाले. ताश्कंद तेवढे ओळखीचे होते. १९६६ साली लालबहादूर शास्त्री तिथे वारले हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असे. बाकी दुशान्बे, अश्काबाद, येरेवान, चिशिनाउ ही सगळी मंडळी नव्याने ओळखून घ्यावी लागली.

अशा मुलाचे घरात काय होते, तेही सांगितले पाहिजे. कारण दोष काही एकट्या शिक्षणशास्त्राचा नाही. पाहुणे आले की त्याला बोलावतात. मलाही बोलावीत. चहाचे कप फिरत असताना काकाजी म्हणत, "सांग वं पोरी, त्या बुर्किना फासोची राजधानी!" मी सांगे, "वागाडुगू." आणि सगळी बैठक खदखदून हसे. दर वेळी हाच प्रश्न, दर वेळी हेच हसू. पॅरिस कोणी विचारले नाही, कारण पॅरिसला हसता येत नाही. मग कोणीतरी म्हणे की मुलीच्या जातीला एवढ्या राजधान्या काय करायच्या, आणि मी आत जाई. त्या देशाचे नाव पूर्वी अपर व्होल्टा होते, १९८४ साली थॉमस संकारा याने ते बदलून बुर्किना फासो केले, आणि त्याचा अर्थ 'ताठ मानेच्या प्रामाणिक माणसांची भूमी' असा आहे, हे त्या बैठकीतल्या एकालाही ठाऊक नव्हते. आणि ते लोक काय पिकवतात, काय खातात, हे कोणाला विचारावेसेही वाटले नाही. मुलाच्या पाठांतराला पोपटपंची कोण बनवते ते इथे दिसते. मूल नाव घेऊन दाराशी आलेले असते, आत ये असे म्हणायचे सोडून आपण त्याला दारातच नाचवतो, आणि वर म्हणतो, याला नाचण्यापलीकडे काही येत नाही!

ते लोक काय पिकवतात? कापूस पिकवतात. ज्या नावाला आमच्या कापूसवाल्यांची बैठक हसली, त्या नावाचा देश आमच्यासारखाच पांढऱ्या सोन्याच्या पायी नागवलेला आहे. २००३ साली बुर्किना फासो, बेनिन, माली आणि चाड या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले, की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देते, त्यामुळे जगाच्या बाजारात कापसाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. त्या वर्षी मेक्सिकोतल्या कानकुनला संघटनेची परिषद भरली. तिथे हा प्रश्न गाजला आणि परिषद काही न ठरताच उठली. ही बातमी आमच्याकडच्या वर्तमानपत्रातही आतल्या पानावर चार बोटे आली होती. जगाच्या बाजारात कापूस पडला की यवतमाळच्या बाजारात तो उभा राहत नाही. शेतकरी चळवळीतले जाणते लोक हे सभांतून सांगतही होते. पण गावच्या पारावर त्या काळात मी ऐकले ते एवढेच, की सावकार वाईट, पाऊस वाईट, बियाणे वाईट. तिन्ही खरे होते. चौथे कारण कोणाच्या तोंडी नव्हते, कारण त्या कारणाचे गाव कोणाला ठाऊक नव्हते. बातमी वाचताना मी थांबले ती एका नावामुळे. पंधरा वर्षे तो खिळा भिंतीत रिकामा होता; त्या दिवशी त्यावर काहीतरी टांगले गेले.

आणि एकदा टांगले की थांबत नाही. आमच्याकडे बीटी कापूस २००२ साली आला. बुर्किना फासोत तो २००८ साली आला. पण धाग्याची लांबी कमी भरते, बाजारात भाव पडतो, असे दिसल्यावर २०१६ पर्यंत त्यांनी तो सोडून दिला. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, गुलाबी बोंडअळीने आमची पऱ्हाटी पोखरून काढली. त्यांनी केले ते बरोबर आणि आम्ही केले ते चूक, असा निवाडा मी देणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. पण आपल्याच पिकाचा, आपल्याच बियाण्याचा अनुभव दुसरीकडे कोणी घेतला आहे, तो विचारून पाहावा, ही बुद्धी होण्यासाठी आधी ते 'दुसरीकडे' डोक्यात असावे लागते. त्यांच्याकडे फ्रेंचांनी अबिजान बंदरापासून रेल्वे आणली, ती वागाडुगूला १९५४ साली पोहोचली. आमच्याकडे इंग्रजांच्या राज्यात कापसासाठी मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला धावू लागली. समुद्र नसलेल्या दोन मुलखांची ही भावंडे. मुलांना हे सांगितले की ती नकाशा मागतात. न सांगता नकाशा दिला, तर त्यावर डबा ठेवतात.

आता ते प्रसिद्ध उत्तर. सगळी माहिती खिशातल्या यंत्रात आहे, मग डोक्यात कशाला? हे उत्तर देताना लोकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते पाहून मला थक्क व्हायला होते. अहो, यंत्र उत्तर देते. प्रश्न कोण देणार? ज्या गावाचे नावच ऐकलेले नाही त्याचा पत्ता कोणी विचारील का? २०२३ च्या अखेरीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपला जाणारी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. नाशिककडच्या द्राक्षांच्या पेट्या रॉटरडॅमला पोहोचायला आठवडा-दोन आठवडे जास्त लागले, भाडे चढले, आणि द्राक्ष काही वाट पाहणारे फळ नव्हे. त्या भागात बागा असलेल्या माझ्या नातलगांना व्यापाऱ्याने सांगितले, "समुद्रात भानगड आहे, भाव कमी मिळेल." कोणत्या समुद्रात? कोणी विचारले नाही. घरात चार माणसे, चारही यंत्रे भरलेली, आणि बाब-अल-मंदेब हा शब्द कोणाजवळ नव्हता. व्यापारी खरे बोलत होता की नाही, आपली पेटी त्या वाटेने जातच होती की नाही, हे तपासण्याची चावी म्हणजे ते एक नाव. लहानपणी पाठ झाले असते तर फुकट मिळाले असते.

याहून वाईट गोष्ट आहे. गेल्या काही वर्षांत थायलंडात नोकरी म्हणून आपल्या देशातली तरुण मुले नेली गेली; बँकॉकला उतरवून त्यांना मोटारीने सुमारे पाचशे किलोमीटरवर माए सोटला, तिथून मोएई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाड्डीला पोहोचवले, आणि तिथल्या कोंडवाड्यांत लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक लोकांना विमानाने परत आणले; त्यांत महाराष्ट्रातलेही होते. नकाशा पाठ असता तर ती पोरे वाचली असती, असे मी म्हणत नाही. गरज आणि दलाल यांच्यापुढे नकाशाचे बळ ते किती! पण गाडी चार तास झाले तरी थांबत नाही, आपण पश्चिमेला चाललो आहोत, आणि पश्चिमेला कोणाची हद्द आहे, एवढे मनात यायला आधी काही मनात असावे लागते. त्या वेळी यंत्र बहुधा दुसऱ्याच्या खिशात गेलेले असते.

जुन्या लोकांना हे कळत होते. माझी आजी तालुक्यापलीकडे फारशी गेली नाही; पण रोज स्नानाच्या वेळी ती सात नद्यांची नावे घेई, त्यांत पार सिंधूपासून कावेरीपर्यंत देश येऊन जाई. बारा ज्योतिर्लिंगे तिला क्रमाने पाठ होती. वारकऱ्याला विचारा, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम तो झोपेत सांगेल. त्याला समजते का, असे विचारायची कोणाची छाती नाही. त्याच्या पायांना समजलेले असते. गवयाला शेकडो चिजा पाठ असतात, आणि त्यांच्याशिवाय तो राग मांडूच शकत नाही. कीर्तनकाराचे तेच. एकट्या भूगोलाच्या बाबतीतच पाठ असणे हा मतिमंदपणा कसा ठरला?

ठरला, कारण भूगोलच मुळात कोणाला नको आहे. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा दहावीचा एकच लेखी पेपर राहिला होता, भूगोलाचा. तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला, आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. महामारीत मंडळाने दुसरे काय करायचे होते? माझी तक्रार मंडळाविषयी नाही. पण त्या बातमीने घराघरांत जो आनंद झाला तो मी पाहिला आहे; पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. गणिताचा पेपर राहिला असता तर आईबापांनी आकाशपाताळ एक केले असते. चाळीस गुणांचा भूगोल, त्यात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना. मुले ती पाठ करतात आणि निकालाच्या दिवशी विसरतात. याच ब्राझीलने २००२ साली अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि तो जिंकला! हे आमच्या पऱ्हाटीच्या शेतातून आलेल्या मुलांना सांगून पाहा. मी सांगितले आहे. ब्राझिलियाचे नाव त्यानंतर कोणी विसरले नाही, आणि ते मी घोकून घेतलेले नव्हते.

म्हणून शिक्षकांनाही दोन शब्द सुनावते. 'जोड्या लावा'त देश आणि राजधानी यांची लग्ने लावून मोकळे होणे ही शिकवणी नव्हे. ती लग्नाची दलाली झाली. नाव दिले तर त्यामागोमाग माणसे, पीक, वाट आणि भांडण एवढे तरी द्यावे. पण ते देता येत नाही म्हणून नावच काढून घेणारा शिक्षक मला जास्त धोक्याचा वाटतो. पहिला निदान आळशी तरी आहे. दुसरा तोच आळस सुधारणा म्हणून मिरवतो.

माझ्या सातवीच्या वर्गात सध्या असा एक मुलगा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एकशे त्र्याण्णव सभासद देशांपैकी एकशे सत्तरांच्या पुढे त्याची गाडी गेली आहे. मध्यंतरी शाळा पाहायला आलेल्या एका साहेबांनी त्याचे ऐकून मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "बाई, हे जरा बंद करा. आता कृतीवर भर आहे." त्याच आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या समितीकडून निरोप आला, की मुलाला मंचावर उभे करा, प्रमुख पाहुणे प्रश्न विचारतील, लोकांना गंमत वाटेल. दोघांनाही मी नाही म्हणून कळवले आहे. मुलाला यातले काही ठाऊक नाही. तो सध्या मध्य आशियात आहे आणि कझाकस्तानपाशी अडला आहे. आमच्या कपाटातल्या दोन नकाशासंग्रहांपैकी एकात तिथली राजधानी अस्ताना आहे, दुसऱ्यात नूर-सुलतान. २०१९ साली ते नाव बदलले आणि २०२२ साली पुन्हा पहिले केले, एवढे मी त्याला सांगितले. राजा बदलला की गावाचे नाव का बदलावे लागते, आणि लोकांनी ते ऐकून का घेतले, असे त्याने काल विचारले आहे. त्याला उद्या काय सांगायचे याची टिपणे मी करून ठेवली आहेत.